रोमन चांदीच्या नाण्यांची पारख: टायबेरियसची दोन आणि ऑगस्टसचे एक

प्रश्न: मृण्मयी_महाल

नमस्कार. मी नागपूरला महालात राहते. आमचे मामंजी दिवाळीनंतर वारले आणि त्यांच्या कपाटातील नाण्यांची नोंद करण्याचे काम घरच्यांनी माझ्याकडे दिले. बहुतेक नाणी भोसल्यांच्या काळातील रुपये, शिवराया आणि राणीछाप रुपये अशी आहेत. त्यांची ओळख पटवणे मला जमले. अडचण आहे ती तीन चांदीच्या नाण्यांची, ज्यांना मामंजींनी वहीत "रोमन" म्हटले आहे.

पहिली दोन नाणी त्यांनी चार वर्षांपूर्वी परगावच्या एका नाणेप्रदर्शनात 36,000 रुपयांना घेतली. पावतीवर फक्त "जुनी नाणी, 2 नग" एवढेच लिहिले आहे. वहीत "टायबेरियस, डिनारियस" अशी नोंद आहे. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेले पुरुषाचे मस्तक उजवीकडे तोंड करून आहे आणि दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली स्त्री, तिच्या एका हातात लांब दंड आणि दुसऱ्या हातात डहाळी. दोन्ही नाणी उजळ आहेत, अक्षरे पूर्ण आहेत, आणि दोन्ही इतकी सारखी आहेत की एक कुठले नि दुसरे कुठले हे मला पुडीवर लिहून ठेवावे लागले. कानाखाली एक बारीक टोचा आहे तोही दोन्हींवर तिथेच, आणि स्त्रीच्या पावलापाशी काठ किंचित बसलेला आहे तोही दोन्हींवर सारखाच. वजन 3.42 आणि 3.44 ग्रॅम, व्यास 17.6 मिलिमीटर.

तिसरे नाणे काड्यापेटीत होते, सोबत मामंजींच्या अक्षरात "मद्रास, 1961" एवढी चिठ्ठी. हे काळे पडलेले, खरखरीत आहे. मस्तकाच्या गालावर छिन्नीने मारल्यासारखा आडवा घाव आहे, काठाला एक चीर आहे आणि लेखाची निम्मी अक्षरे नाण्याबाहेरच गेली आहेत. मागे दोन उभे पुरुष, त्यांच्यामध्ये टेकवलेल्या दोन ढाली आणि भाले. वजन 3.69 ग्रॅम, व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर.

इतवारीतील एका दुकानात पहिली दोन नाणी मशीनवर लावली. 92.5 टंच (शंभर भागांत साडेब्याण्णव भाग चांदी) निघाला आणि "चांदी खरी आहे" असे त्यांनी सांगितले. तिसरे नाणे आधी उकळून, घासून स्वच्छ करून आणा, मग बघू, असे ते म्हणाले. माझ्या दिरांचे मत असे की जोडी चांगल्या भावाने विकावी आणि तिसरे मोडीत द्यावे. मला घाई करायची नाही. ही नाणी खरी आहेत का, त्यांची अवस्था कशी ठरवायची, तिसरे स्वच्छ करावे का, आणि घरच्या घरी मी काय काय तपासू शकते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. फरशीवर वाजवून आवाज ऐकावा असेही कोणी सुचवले आहे.

उत्तर: विदर्भमुद्रा

मृण्मयीताई, सर्वप्रथम दोन गोष्टी करू नका. तिसरे नाणे घासू नका आणि तिन्हींपैकी एकही वाजवून पाहू नका. रुपया खण्ण वाजतो म्हणून खरा, हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे आणि दीडदोनशे वर्षांच्या नाण्याला तो चालतोही, परंतु दोन हजार वर्षे मातीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. तिच्यातील तांबे कणांच्या सीमांवर गोळा होते, तिथे गंज शिरतो आणि वरून धडधाकट दिसणारे नाणे हलक्या धक्क्यानेही तुटते. वीसेक वर्षांपूर्वी रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील एक डिनारियस मी स्वतः टेबलाच्या काचेवर टाकून पाहिला. त्याचे दोन तुकडे झाले. तुटलेली कड खडीसाखर फोडल्यावर दिसते तशी दाणेदार होती. ते नाणे अस्सल होते हे मला त्या क्षणी कळले, आणि तोवर ते नाणे राहिलेले नव्हते.

आता मुद्द्याकडे येतो. डिनारियस हे रोमन चांदीचे नाणे इसवी सनपूर्व 211 च्या सुमारास सुरू झाले. तेव्हा ते साडेचार ग्रॅमच्या आसपास होते, पुढे हलके झाले, आणि ऑगस्टस व टायबेरियस या सम्राटांच्या काळात चांगल्या स्थितीतील नाणे साधारण 3.6 ते 3.9 ग्रॅम भरते. इसवी सन 64 मध्ये नीरोने वजन आणि चांदीचे प्रमाण दोन्ही घटवले, आणि सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंत तर चांदी निम्म्यावर आली. म्हणून "रोमन चांदीचे नाणे" एवढ्याच माहितीवर वजनाची अपेक्षा ठरवता येत नाही. आधी सम्राट ओळखावा लागतो. आपली पहिली दोन नाणी, ती जे असल्याचा दावा करतात त्या मानाने, हलकी आहेत. खूप झिजलेले नाणे 3.42 ग्रॅम भरू शकते, पण आपण म्हणता की त्यांवरची अक्षरे पूर्ण आणि उठावदार आहेत. झीज नाही आणि वजनही नाही, हे दोन्ही एकत्र नांदणे कठीण आहे.

परंतु मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती आपण कौतुकाने लिहिलेल्या वाक्याची: दोन्ही नाणी हुबेहूब सारखी आहेत. रोमन टाकसाळीत नाणी पाडण्याची रीत अशी होती की तापवलेली चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि हातोड्याने घाव घालायचा. एकाच ठशातून हजारो नाणी निघत. त्यामुळे दोन अस्सल नाण्यांवर तेच चित्र, केसांची तीच बट, अक्षराचा तोच वाकडा पाय दिसणे अगदी शक्य आहे, आणि तशी जोडी सापडली तर संग्राहकाला आनंदच होतो. मात्र चकती प्रत्येक वेळी वेगळी असते. एकाचे चित्र डावीकडे सरकते, दुसऱ्याचे वर; एकाच्या काठाला चीर जाते, दुसऱ्याच्या नाही. आणि पाडल्यानंतर पेटीत, हातात, मातीत जे घाव बसतात ते तर त्या एकट्या नाण्याचेच असतात. कानाखालचा टोचा ठशात असलेला दोष असेल तर तो दोन्हींवर उठेल, हे मान्य. पण काठ बसणे हा ठशाचा दोष असूच शकत नाही, तो चकतीचा असतो. दोन नाण्यांच्या काठाला एकाच ठिकाणी एकसारखा दोष असेल तर त्याचा अर्थ एकच निघतो: कुठल्यातरी तिसऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ही दोन्ही ओतलेली आहेत.

हे पक्के करण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असते तसे, आणि नाणे खिडकीतल्या तिरप्या उजेडात धरा. पाहण्याची जागा म्हणजे मुखवटा नव्हे, काठ. नकल करणारा चेहऱ्यावर मेहनत घेतो कारण गिऱ्हाईक चेहरा पाहते. काठावर त्याला साच्याच्या दोन अर्ध्यांची रेघ घासून काढावी लागते, आणि घासल्याच्या समांतर बारीक रेषा भिंगाखाली कानशीचे काम उघड करतात. पाडलेल्या नाण्याचा काठ असमान असतो, कुठे जाड कुठे पातळ, आणि त्यावर घाव बसल्यावर धातू बाहेर सरकल्याच्या उभ्या बारीक चिरा असतात. दुसरी जागा अक्षरांची मुळे. हातोड्याच्या घावाने चांदी काठाकडे वाहते, त्यामुळे काठाजवळच्या अक्षरांचे पाय पुष्कळदा माशाच्या शेपटीसारखे फाकतात आणि अक्षर जिथे पार्श्वभूमीला टेकते तिथे कोन तीक्ष्ण असतो. ओतीव नाण्यात तो कोन गोलसर होतो, जणू अक्षरावरून साबणाचा हात फिरला आहे, आणि मोकळ्या जागेत सुईच्या अग्राएवढे गोल खळगे दिसतात. ते हवेचे बुडबुडे होत. गंजाचे खळगेही असतात, पण ते वेडेवाकडे असतात आणि त्यांच्या तळाशी काळे किटण असते.

एक स्थानिक सावधगिरी जोडतो. आपल्या भागात पश्चिमी क्षत्रप या पश्चिम भारतातील प्राचीन राजघराण्याची चांदीची नाणी रोमन म्हणून विकली जातात, कारण त्यांवरही उजवीकडे तोंड केलेला मुखवटा आणि भोवती मोडकीतोडकी ग्रीक अक्षरे असतात. ती बरीच लहान, साधारण दोन-सव्वादोन ग्रॅमची असतात आणि मागे तीन कमानींची टेकडी, चंद्रकोर व ब्राह्मी लेख असतो. आपले तिसरे नाणे वर्णनावरून तसे नाही. दोन ढाली आणि दोन उभे तरुण म्हणजे ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस आणि लुसियस. हे नाणे लुग्डुनम म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियों येथील टाकसाळीचे, इसवी सनपूर्व 2 पासून पुढे पाडलेले, आणि भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीत टायबेरियसच्या नाण्याबरोबर सर्वाधिक आढळणारे.

उत्तर: सराफा_इतवारी

मी याच व्यवसायात आहे, म्हणून टंचाबद्दल लिहितो. मशीनवर निघालेला आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ लावण्यात गफलत झाली आहे. "चांदी खरी आहे" आणि "नाणे खरे आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी राणीछाप रुपये घेऊन येते जे चांदीचेच असतात, काही तर मूळ 91.67 टंचाच्या जवळपासही असतात, आणि तरीही परवा ओतलेले असतात.

92.5 हा आकडा आमच्या धंद्यात रोज दिसतो, कारण जगभर चांदीचे दागिने त्याच प्रमाणात घडतात. ऑगस्टस-टायबेरियसच्या काळातील डिनारियस याहून शुद्ध, 97-98 टंचाच्या आसपास असावा लागतो. म्हणजे नुसत्या पाचेक टक्क्यांचा प्रश्न नाही. नेमका आजच्या दागिन्याचा आकडा येणे, तोही दोन्ही नाण्यांत, हा प्रश्न आहे. ताईंनी पुन्हा मशीनवर जाताना फक्त चांदीचा आकडा न विचारता सर्व धातूंची पूर्ण प्रिंट मागावी. जुन्या काळी शिशाच्या खनिजातून चांदी काढत आणि भट्टीत शिसे जाळून ती शुद्ध करत. त्या रीतीत सोने वेगळे होत नाही, म्हणून जुन्या चांदीत अर्धा-एक टक्क्यापर्यंत सोने आणि थोडे शिसे राहून जाते. आजची चांदी विजेच्या प्रक्रियेने शुद्ध होते, तिच्यात सोने कोणी सोडत नाही.

या परीक्षेच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. मशीन पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचते. ज्या काळात नाण्यात तांबे जास्त होते, त्या काळच्या नाण्यांचा वरचा थर गंजून आणि प्रक्रियेने चांदीनेच समृद्ध झालेला असतो, त्यामुळे नीरोनंतरच्या नाण्यांचा टंच मशीनवर वास्तवापेक्षा वर दिसतो. आणि झिजलेली जुनी नाणी वितळवून त्यांच्याच चांदीतून नकल करणारेही असतात. तिथे सोने-शिसे असूनही नाणे नवेच असते. कसोटीच्या दगडावर घासू द्यायचे नाही हे सांगायला हवे, कारण आमच्यापैकी काही जण सवयीने तसे करतील.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. नाणे कोरडे तोलायचे, मग बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचे, आणि कोरड्या वजनाला वजनातील घटीने भागायचे. शुद्ध चांदीला 10.49 येते, तांब्याला 8.96, जर्मन सिल्व्हर या चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूला पावणेनऊच्या जवळ. पण ताईंचा काटा दोन दशांश स्थळांचा दिसतो. 3.69 ग्रॅमच्या नाण्याची पाण्यातली घट फक्त 0.36 ग्रॅमच्या आसपास असते, त्यात शतांश ग्रॅमची चूक झाली तरी उत्तर 9.97 पासून 10.54 पर्यंत कुठेही जाऊ शकते. अशा मोजणीवरून निर्णय देणे योग्य नाही. सराफी काटा तीन दशांशांचा असतो, त्यावरच करून घ्यावे. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर नाण्याला चिकटणारे बुडबुडे सुटतात.

मृण्मयी_महाल

आपणा दोघांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी इतवारीत दुसऱ्या एका दुकानात गेले. त्यांनी सराफी काट्यावर माझ्यासमोर तीनदा तोलले आणि सर्व धातूंची प्रिंट दिली.

जोडीतील पहिले: कोरडे 3.421, घट 0.338, म्हणजे 10.12. दुसरे: 3.438, घट 0.340, म्हणजे 10.11. तिसरे, ते काळे: 3.692, घट 0.356, म्हणजे 10.37.

जोडीच्या प्रिंटमध्ये चांदी 92.5, तांबे 7.4, अगदी थोडे जस्त. सोने आणि शिसे शून्य. तिसरे मी घासू दिले नाही. गालावरच्या घावाच्या आत नेम धरून त्यांनी मोजले: चांदी 96.8, तांबे 1.7, शिसे 0.8, सोने 0.6.

भिंगातून पाहिले तेव्हा जोडीच्या काठावर, संपूर्ण गोलाईत, एकाच दिशेच्या बारीक रेषा आहेत. टायबेरियसच्या मानेमागे मोकळ्या जागेत गोल खळगे आहेत आणि दोन्ही नाण्यांवर त्यांतले तीन त्याच जागी आहेत. तिसऱ्या नाण्यावर मात्र लेखाच्या एका अक्षराचे पाय खरोखरच शेपटीसारखे फाकलेले दिसले. त्या क्षणी मामंजी जवळ असते तर, असे फार वाटले.

आता दोन शंका उरतात. तिसरे नाणे जुन्या काळीच कोणी खोटे केलेले, म्हणजे तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेले, असू शकते का? आणि गालावरचा घाव अलीकडचा असेल तर तो कसा ओळखावा?

उत्तर: धातूजतन

मी धातूच्या वस्तूंच्या जतनाचे काम करते. आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर त्या घावातच आहे.

तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा बसवून केलेली खोटी नाणी रोमन काळातच चलनात होती, आणि व्यापारी ती ओळखण्यासाठी काठावर चीर पाडून किंवा लहान ठसे मारून पाहत. अशा नाण्यावर पत्रा झिजला की नाक, कान, गुडघा अशा उंच भागांवर लालसर-हिरवे तांबे डोकावते, पत्र्याला फोड येतात आणि वजन कमी भरते. आपल्या नाण्यावर घाव खोल गेला आहे आणि घावाच्या आतही मशीनने चांदीच वाचली. भार आणि घट यांचा भागाकारही 10.37 आहे. तांब्याचा गाभा असता तर तो बराच खाली गेला असता. म्हणून ती शंका दूर ठेवावी. इथे एक गोष्ट सराफ महोदयांच्या उत्तराला जोडते. साडेब्याण्णव टंचाच्या सलग चांदीलाही साधारण 10.37 च यावे. जोडीला 10.1 आले याचे कारण धातूत भेसळ असणे नव्हे. ओतताना आत अडकलेली हवा. म्हणजे पाण्यातल्या या तपासणीने टंच कळला नाही, पण ओतकाम कळले.

घावाच्या वयासाठी भिंगाने त्याच्या भिंती पाहा. ताजा घाव आत पांढरा चकचकीत असतो आणि त्याच्या कडा बोटाला लागतात. जुन्या घावात नाण्याच्या पृष्ठभागावर जे काळे-करडे पुट आहे तेच सलग आत उतरलेले असते, तळाशी घट्ट किटण असते आणि कडा झिजून बोथट झालेल्या असतात. पुट घावाच्या तोंडाशी तुटत असेल तर घाव नंतरचा. आपण पाठवलेल्या फोटोत करडा थर घावाच्या डाव्या भिंतीवरून तळापर्यंत गेलेला मला स्पष्ट दिसतो, फक्त एका टोकाशी टिंबाएवढे ताजे ओरखडे आहेत.

हे पुट खोटेही करता येते. गंधकाच्या संयुगात बुडवले की नवी चांदी काही मिनिटांत काळी होते. पण तो काळेपणा सर्वत्र सारखा, शाईसारखा बसतो, किंवा खोलगट भागांत भरून उंच भाग पुसलेले असतात. कधी रंगच लावलेला असतो. अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने तो सुटतो आणि धातूला अपाय होत नाही. जमिनीतली चांदी हळूहळू पालटते, तिच्यावर सल्फाइडचा काळा थर आणि क्लोराइडचा राखाडी, मेणासारखा थर एकमेकांत मिसळलेले असतात. त्यात जागोजागी फरक असतो. तो फरकच पाहायचा.

आणि म्हणूनच चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट यांपैकी काहीही त्याला लावू नये. आपल्या देवघरातल्या चांदीला ते शोभते, कारण ती चांदी उद्याही तशीच घासायची असते. नाण्यावरून त्या घासणीने एकदा पृष्ठभाग गेला की तो परत येत नाही, आणि राहतात त्या केसाएवढ्या हजारो समांतर रेषा. काही करायचेच असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही तास ठेवून मऊ कापडावर टिपून घ्यावे, चोळू नये.

उत्तर: विदर्भमुद्रा

ताई, आकडे पाहून माझे मत पक्के झाले. जोडी ओतीव नकल आहे. तिसरे नाणे अस्सल आहे असे मी फोटोवरून आणि आकड्यांवरून म्हणेन. शेवटचा शब्द नाणे हातात घेऊन पाहणाऱ्याचा असावा. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे विचारणा करता येईल.

अवस्थेबद्दल आता लिहितो, कारण इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. खरेपणा आणि अवस्था यांचा परस्परांशी संबंध नाही, आणि अवस्था हीसुद्धा एक गोष्ट नाही. विक्रेते "व्हेरी फाइन", "एक्स्ट्रीमली फाइन" असे शब्द लावतात. ते मुख्यतः झिजेचे माप आहे. झीज हाताळण्याने होते आणि ती उंच भागांवर आधी दिसते. ऑगस्टसच्या मस्तकावर कानावरचे केस, पानांच्या मुकुटाच्या कडा आणि गालाचे हाड पाहावे. मागे दोन्ही तरुणांचे चेहरे आणि ढालींचा मध्य. तिथे तपशील सपाट आणि गुळगुळीत असेल तर झीज. पण हाच भाग सपाट असून त्यावर चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक असेल, आणि नाणे उलटल्यावर बरोबर त्याच जागी मागेही सपाटपणा असेल, तर ती झीज नव्हे. तिथे घाव हलका बसला होता. तो नाण्याच्या जन्माचा दोष आहे, आयुष्याचा नाही. तुमच्या नाण्यावर मला दोन तरुणांपैकी डावीकडचा असाच घाव हलका बसलेला वाटतो, कारण ऑगस्टसच्या डोक्याचा मागचा भागही तितकाच दबलेला आहे.

मग चित्र चकतीवर किती मध्यभागी बसले आहे, लेख किती आत आला आहे, आणि पृष्ठभाग कसा आहे, हे वेगवेगळे पाहायचे. तुमचे नाणे झिजेच्या बाबतीत चांगले, मध्यभागाच्या बाबतीत कमी, पृष्ठभागाच्या बाबतीत खरखरीत पण न घासलेले, असे मी लिहीन. काठाची चीर नाणे पाडताना हातोड्याच्या घावाने पडलेली आहे, ती दोष मानू नये, मात्र तिथून नाणे तुटू शकते म्हणून तिकडे दाब देऊ नये. एका शब्दात श्रेणी हवी असेल तर "फाइन" आणि "व्हेरी फाइन" यांच्या मध्ये कुठेतरी. मला तो एक शब्द कधीच पुरेसा वाटलेला नाही.

गालावरच्या घावाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो या नाण्याचा सर्वांत बोलका भाग आहे. युरोपच्या बाजारात असा घाव म्हणजे नुकसान, आणि किंमत उतरते. पण दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवर मुखवट्यावरच असे घाव घातलेले वारंवार दिसतात. 1898 मध्ये पुदुकोट्टईला रोमन सोन्याची पाचशेच्या आसपास नाणी मिळाली, त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा वार आहे. नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्लेच्या दीड हजारांवर डिनारियसच्या साठ्यातही घाव घातलेली नाणी आहेत. धातू आतून तपासण्यासाठी असावे की परक्या राजाचे चलनमूल्य रद्द करून त्याला निव्वळ चांदी ठरवण्यासाठी, यावर अभ्यासक भांडतात. मला दुसरे कारण अधिक पटते, कारण नुसती तपासणी करायची असती तर काठ पुरेसा होता, चेहरा शोधण्याची गरज नव्हती. काहीही असो, "मद्रास, 1961" ही चिठ्ठी आणि हा घाव एकमेकांना दुजोरा देतात. हे नाणे समुद्र ओलांडून दोन हजार वर्षांपूर्वीच इकडे आलेले असण्याची शक्यता पुष्कळ आहे. नीरोने चांदी घटवल्यावर आपल्याकडचे व्यापारी नवी नाणी घेईनासे झाले, म्हणूनच भारतातल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस एवढे भरलेले असतात. त्या डिनारियसचेच "दीनार" होऊन आपल्या शिलालेखांत उतरले.

ती काड्यापेटी आणि चिठ्ठी नाण्यासोबतच ठेवा. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. पुढे कोणी विकत घेणारा आलाच तर त्याचा परवाना पाहून घ्या. जमिनीत सापडलेल्या धनाची गोष्ट निराळी, ते 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तुमच्या घरात वारशाने आलेल्या नाण्याला ते लागू नाही, तरी मामंजींच्या वहीतील नोंदीची एक प्रत काढून ठेवावी.

मृण्मयी_महाल

दिरांना सर्व आकडे दाखवले. मोडीचा विषय संपला आहे. विक्रेत्याला पावतीची प्रत, प्रिंट आणि दोन्ही नाण्यांच्या काठांचे फोटो पाठवले. अद्याप उत्तर आलेले नाही. पैसे परत मिळोत न मिळोत, ती दोन नाणी मी "ओतीव नकल" अशी चिठ्ठी लावून वेगळी ठेवणार आहे, म्हणजे आमच्या घरातून ती पुन्हा कोणाला खरी म्हणून जाणार नाहीत.

एकच शेवटचे विचारते. ऑगस्टसचे नाणे आजवर काड्यापेटीत कापसात होते. ते तसेच ठेवावे का? नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, पण पावसाळ्यात आमच्या वाड्याच्या भिंती ओल धरतात.

उत्तर: धातूजतन

कापसातून काढावे, तो ओल धरून ठेवतो. काड्यापेटीही नाण्यापासून दूर, वेगळ्या पाकिटात ठेवावी, कारण काड्यांच्या गुलात गंधक असते आणि पुठ्ठा आम्लधर्मी असतो. मऊ, लवचीक प्लास्टिकचे पाकीट वापरू नका; त्यातला पीव्हीसी काही वर्षांत चिकट हिरवा थर सोडतो. मायलारचे (पॉलिएस्टर प्लास्टिकचे) कडक पाकीट किंवा आम्लरहित कागदाची घडी उत्तम. जवळपास रबर बँड, लोकरीचे कापड आणि वर्तमानपत्र नको, तिन्हींमुळे चांदी काळी पडते. पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, वाड्याच्या आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पुडी बदला. नाणे उचलताना काठाने धरा, चिरेच्या बाजूने नव्हे, आणि खाली नेहमी जाड मऊ कापड अंथरलेले असू द्या.